झाडांच्या खोडांना चुना का लावतात?



महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या राज्यमार्गाने प्रवासास निघाले, की दुतर्फा उभ्या असलेल्या वड, चिंच, कडुनिंब आणि आंब्याच्या खोडांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे दिसू लागतात. खाली गेरू, वर चुन्याची रुंद पट्टी, काही ठिकाणी त्या पट्टीवर काळ्या अक्षरांत घातलेला क्रमांक. शाळेच्या पटांगणात, तहसील कचेरीच्या आवारात, विश्रामगृहासमोरही हाच थाट असतो. वरिष्ठांचा दौरा ठरला, की चुन्याच्या बादल्या बाहेर निघतात, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हा चुना झाडाला कशासाठी लावला जातो, असा प्रश्न विचारला तर उत्तरे मात्र निरनिराळी मिळतात. कोणी म्हणतो, वाळवी लागू नये म्हणून. कोणी म्हणतो, ऊन लागू नये म्हणून. कोणी सांगतो, की हे झाड सरकारी आहे, तोडू नये, अशी ती खूण आहे. आणि पुष्कळांचे उत्तर असते, ‘पूर्वापार लावतात.’

या प्रश्नाकडे निव्वळ कुतूहल म्हणून पाहता येत नाही. रस्त्याकडेच्या झाडाला चुना लावल्याने किंवा न लावल्याने फारसे काही बिघडत नाही. पण तेच दृश्य पाहून एखादा संत्रा बागायतदार आपल्या बागेतील झाडांना साधा चुना फासतो आणि झाडाचे संरक्षण झाले असे समजून निर्धास्त होतो, तेव्हा त्याचे मोल फार मोठे पडते. पाच-सहा वर्षे पोटच्या पोरासारखे वाढविलेले झाड बुंध्याशी कुजून वाळून जाते. मराठीत ‘चुना लावणे’ या शब्दप्रयोगाला जो दुसरा अर्थ आहे, तो अशा वेळी अक्षरशः खरा ठरतो.

प्रथम रस्त्यावरील झाडांविषयी. येथे चुन्याचे मुख्य काम माणसाच्या डोळ्यांसाठी आहे, झाडासाठी नव्हे. रस्त्याच्या अगदी कडेला असलेले गडद रंगाचे खोड रात्री वाहनचालकास वेळेवर दिसत नाही. त्यावर पांढरा पट्टा असला, म्हणजे दिव्याचा झोत पडताच ते उठून दिसते, आणि रस्ता कोठे वळतो याचाही अंदाज येतो. या उपायाचा सर्वांत ठळक दाखला इंग्लंडमध्ये सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ पासून, विमानहल्ल्यांच्या भीतीने त्या देशात रात्री दिवे झाकण्याचा हुकूम झाला. अंधारात अपघात एकाएकी वाढले. तेव्हा पदपथांच्या कडा, दिव्यांचे खांब आणि रस्त्यालगतची झाडे यांवर पांढरे पट्टे रंगविण्यात आले. त्या झाडांना वाळवी लागली होती असे कोणी म्हटले नाही.

आपल्याकडे या पट्ट्याला आणखी एक प्रयोजन आहे. ते म्हणजे मोजदादीचे. सार्वजनिक रस्त्यावरील झाड ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिची नोंद असते, आणि क्रमांक घालण्यासाठी खोडावर फिकट पट्टा असणे सोयीचे पडते. रंगविलेले झाड कोणाच्या तरी देखरेखीखाली आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानी येते आणि कुऱ्हाड उचलणारा हात क्षणभर तरी थबकतो. नव्या महामार्गांवर परावर्तक खुणा आणि लोखंडी कठडे आले आहेत. तेथे चुन्याच्या पट्ट्याची गरज उरलेली नाही. अरुंद जिल्हा मार्गांवर मात्र त्याचा उपयोग अजून संपलेला नाही. मात्र तो धुळीने मळला, किंवा पावसाने धुऊन गेला, की दिसेनासा होतो. म्हणूनच पावसाळा संपल्यावर त्याचा नवा हात देण्याची रीत पडली असावी.

आता वाळवीचा मुद्दा. लोकांचा यावर दृढ विश्वास आहे, परंतु तो फारसा टिकणारा नाही. कळीचा चुना पाण्यात विरघळविला, की तो अतिशय दाहक असतो, हे खरे. परंतु खोडावर लावलेला चुना हवेतील कर्बद्विप्राणिद वायू शोषून घेतो आणि थोड्याच दिवसांत त्याचे रूपांतर खडूसारख्या निरुपद्रवी पदार्थात होते. मग वाळवी त्यावरूनही आपले मातीचे कवच बांधीत वर जाते. चुना लावलेल्या खोडावर वाळवीचे मातकट पट्टे चढलेले आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. पुष्कळदा ही वाळवी सालीचा बाहेरचा मृत थरच खात असते, आणि जुन्या, धडधाकट झाडाचे त्यामुळे फारसे नुकसान होत नाही. कोकणात आंब्याच्या खोडात शिरणारे भिरूड आणि काजूचा रोठा हे खरे शत्रू आहेत. ते खोडाच्या आत राहून पोखरतात. वरून फासलेला चुना आत गेलेल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की स्वच्छ, फिकट खोडावर बाहेर पडणारा भुसा किंवा पाझरणारा डिंक चटकन नजरेस येतो. जो बागायतदार नजर ठेवतो, त्याला हा लाभ होतो.

शहरांतील झाडांची कथा थोडी निराळी आणि काहीशी खेदाची आहे. येथे चुन्याची जागा पुष्कळदा तैलरंगाने घेतली आहे. तो टिकतो, चमकतो आणि छायाचित्रात चांगला दिसतो. परंतु झाडाच्या सालीवर बारीक वल्करंध्रे असतात, त्यांतून आतील जिवंत पेशींना हवा मिळते. चुन्याचा थर सच्छिद्र असतो, तो खपल्या होऊन गळूनही पडतो. तैलरंगाचा थर मात्र ही रंध्रे बुजवितो. कोवळ्या सालीच्या झाडाला तर तो लावूच नये. त्यातही विसंगती अशी, की ज्या झाडाचा बुंधा असा सजविलेला असतो, त्याच झाडाला जाहिरातीचे फलक खिळ्यांनी ठोकलेले असतात, आणि त्याच्या मुळांभोवती थेट बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले असते. महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला. त्याअन्वये वृक्ष प्राधिकरणे स्थापन झाली आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद झाली. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण देण्यात आले. कायद्याने झाडाला जे दिले आहे, ते रंगाच्या डब्यातून मिळणारे नाही. बुंध्याभोवतीची हातभर माती मोकळी ठेवणे, हे रंगापेक्षा स्वस्त आणि झाडाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे काम आहे.

मग खोडाला पांढरे करण्यात झाडाचे हित मुळीच नाही काय? आहे. त्यासाठी साल म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

झाडाची बाहेरची साल मृत असते. तिच्या आत पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे नेणारा जिवंत थर असतो. त्याच्याही आत ऊतककर हा वाढीचा थर असतो. तो कागदासारखा पातळ असून खोडाची जाडी त्याच्यामुळेच वाढते. झाडाचा सारा प्राण या दोन पातळ थरांत आहे. ते खोडाच्या सर्व बाजूंनी मेले, की वरचा विस्तार कितीही हिरवागार दिसत असला तरी मुळांची उपासमार सुरू होते आणि काही काळाने झाड मरते.

चिंच, बाभूळ, कडुनिंब, आंबा यांची साल जाड, भेगाळलेली असते. ती आतल्या थरांना उन्हापासून आपोआप जपते. शंभर वर्षांच्या चिंचेला ऊन लागू नये म्हणून चुना लावणे, हा चिंचेचा थोडासा अपमानच होय. परंतु कोवळ्या कलमांचे तसे नाही. रोपवाटिकेत दाटीवाटीने, सावलीत वाढलेले रोप एकाएकी उघड्या माळावर आणून लावले, की चैत्र-वैशाखातील दुपारनंतरचे ऊन त्याच्या खोडाच्या पश्चिमेकडील बाजूस थेट लागते. साल तापून करपते, पुढे तडकते, आणि त्या तडीतून बुरशी व किडी आत शिरतात. संत्रा, मोसंबी, डाळिंब यांची जोरदार छाटणी केली, म्हणजे आजवर सावलीत असलेल्या फांद्यांचीही हीच गत होते. पांढरा रंग सूर्यप्रकाश परतवितो आणि साल कमी तापते. येथे साध्या चुन्याच्या निवळीचा हात उपयोगी पडतो. खोडाला गोणपाट किंवा वाळलेले गवत सैलसर गुंडाळले तरी तेच काम साधते.

थंड प्रदेशांत हीच गोष्ट उलट्या ऋतूत घडते. हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी दुपारी ऊन नैर्ऋत्येकडून खोडावर पडते आणि ती बाजू उबदार होते. तेथील थिजलेल्या पेशी जाग्या होतात. सूर्य मावळताच तपमान झपाट्याने शून्याखाली जाते, आणि या जाग्या झालेल्या पेशी गोठून मरतात. वसंत ऋतूत खोडाच्या त्याच बाजूला उभी चीर पडलेली दिसते. म्हणून युरोप-अमेरिकेतील फळबागांत आणि आपल्याकडे हिमाचल प्रदेश व काश्मीर येथील सफरचंदांच्या बागांत खोडे पांढरी करण्याचा प्रघात आहे. हिमाचलातील बागायतदार चुन्यात मोरचूद आणि जवसाचे तेलही मिसळतात. तेलामुळे लेप चिकटून राहतो, आणि मोरचूद बुरशीपासून जपते. आपल्या राज्यात हिवाळ्याचे हे संकट नाही. यास्तव सफरचंदाच्या बागेचे छायाचित्र पाहून तसाच्या तसा उपाय येथे आणण्यात काही हशील नाही.

निसर्गाने मात्र एका झाडाला स्वतःच पांढरे केले आहे. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर कांडोळ नावाचे झाड आढळते. उन्हाळ्यात त्याची पाने गळून गेली, म्हणजे त्याची गुळगुळीत, फिकट, पांढुरकी खोडे चांदण्यात अशी काही चमकतात, की अनेक ठिकाणी त्याला भुताचे झाड म्हणून ओळखतात. त्याला चुन्याची बादली कोणी दाखविलेली नाही.

चुन्यात मोरचूद मिसळण्याचा उल्लेख वर आला. त्याचा इतिहास रंजक आहे, आणि आपल्या विषयाशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८७८ च्या सुमारास, अमेरिकेतून आलेल्या द्राक्षवेलींबरोबर केवडा हा रोग फ्रान्समध्ये शिरला. द्राक्षबागा पाने गळून उघड्या पडू लागल्या. १८८२ साली बोर्डो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्डे हे मेदॉक भागातील सेंट-जुलियन येथून जात असता त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बागेच्या आतल्या भागातील वेली निष्पर्ण झाल्या होत्या. परंतु रस्त्यालगतच्या ओळी हिरव्यागार होत्या. चौकशी करता समजले, की वाटसरूंनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून तेथील बागायतदार रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडीत असत. वेल विषारी दिसावा, चोराने हात आखडावा, एवढाच हेतू. मिलार्डे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयॉन यांच्या साहाय्याने प्रयोग केले आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोर्डो मिश्रण या नावाने ते जगभर गेले. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारास आज त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

म्हणजे तेथेही लेप लावला होता तो लोकांच्या डोळ्यांसाठीच. झाड वाचले ते मात्र त्यातील तांब्यामुळे. नेमका हाच भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. निव्वळ मोरचूद आम्लधर्मी असते, ते झाडाची कोवळी त्वचा जाळते. चुना त्यातील आम्लता मारतो आणि तांब्याला अशा रूपात आणतो, की ते सालीला चिकटून बसते व ओलाव्याबरोबर थोडे थोडे सुटत राहते. बुरशीला मारते ते हे तांबे. चुना हा त्याचा सोबती आहे, त्याचा पर्याय नव्हे.

विदर्भात या भेदावर हजारो बागांचे आयुष्य अवलंबून आहे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या तालुक्यांत संत्रा हे केवळ फळ नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज ही सर्व त्याच्याच बहारावर उभी असतात. या बागांचा मोठा वैरी म्हणजे फायटोफ्थोरा हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव. तो जमिनीत राहतो. पाऊस झाला, काळ्या भारी जमिनीत पाणी साचले, की त्याचे बीजाणू त्या पाण्यात चक्क पोहतात आणि मुळांपर्यंत व बुंध्यापर्यंत जातात. बुंध्याची साल काळपट पडते, कुजते, तिला उभ्या भेगा पडतात आणि त्यांतून डिंक पाझरू लागतो. शेतकरी याला डिंक्या म्हणतात. पाने पिवळी पडतात, शिरा अधिकच पिवळ्या दिसतात, झाडावर एखाद्या वर्षी अवेळी भरपूर फुले येतात, आणि त्यानंतर ते झाड जाते. भोळा माणूस त्या फुलांना शुभशकुन समजतो. वस्तुतः ते मरणाऱ्या झाडाचे शेवटचे प्रयत्न असतात.

या रोगाला साध्या चुन्याने काहीही होत नाही. त्यासाठी बोर्डो मलम लागते. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठ यांची शिफारस अशी आहे, की जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीपर्यंत खोडाला बोर्डो मलम वर्षातून दोन वेळा लावावे. एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. मलमाचे प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी असे आहे. फवारणीसाठी वापरले जाणारे १ टक्का मिश्रण याहून दहापट पातळ, म्हणजे तितक्याच मोरचुदाला व चुन्याला १०० लिटर पाणी घेऊन करतात. दोहोंत गल्लत करू नये.

ओळखण्याची एक सोपी खूण आहे. नीट केलेले बोर्डो मलम पांढरे नसते, ते आकाशी रंगाचे असते. ज्या बागेतील खोडे शुभ्र पांढरी दिसतात, त्या बागेत चुना लागला आहे, औषध लागलेले नाही.

डाळिंबाच्या बागांत रंग पुन्हा बदलतो. सोलापूर, सांगली, नाशिक या भागांत डाळिंबाची खोडे लालसर दिसतात, कारण तेथे गेरूच्या काल्यात बुरशीनाशक आणि कीटकनाशक मिसळून खोडाला लेप देतात. बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्यापासून खोड वाचविणे हा त्याचा उद्देश असतो. येथेही गेरू हा केवळ धरून ठेवणारा आहे. औषध कोणते व किती घालावे, हे सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या चालू शिफारशीनुसार ठरवावे. शेजाऱ्याच्या बादलीकडे पाहून ठरवू नये.

मलमाने सर्व काही साधते असेही नाही. झाडाच्या बुंध्याशी पाणी तुंबत असेल, तर मलमाचे दहा हात दिले तरी ते वाया जातात. म्हणून संत्र्याला दुहेरी आळे करावे. आतले आळे बुंध्याभोवती कोरडे राहावे आणि पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. कलम घेताना डोळा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर भरलेला आहे ना, हे पाहावे आणि लागवड करताना तो मातीत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी. खुंट निवडताना जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबू या रोगास तुलनेने सहनशील आहे, हेही ध्यानात असावे. तांबे जमिनीत साचत जाते, नाहीसे होत नाही. युरोपात याच कारणास्तव शेतीतील तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घालण्यात आली आहे. खोडाला लावलेले मलम फवारणीपेक्षा मोजके व नेमके पडते, हा त्याचा एक गुण आहे.

आता मलम करण्याची रीत. मोरचूद कापडी पुरचुंडीत बांधून ५ लिटर पाण्यात रात्रभर टांगून ठेवावे, म्हणजे ते सकाळपर्यंत विरघळते. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. लोखंडी घेतल्यास मोरचूद त्यालाच खाते. कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्याने फोडावा. तो उकळ्या मारतो, तेव्हा डोळे जपावेत. मग ५ लिटरपर्यंत पाणी घालून तो फडक्याने गाळावा व पूर्ण थंड होऊ द्यावा. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतावीत आणि लाकडी काठीने ढवळीत राहावे. तयार मलमात स्वच्छ लोखंडी विळा किंवा खिळा क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर आम्लता शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी व पुन्हा पाहावे. ज्या झाडाला डिंक आलेला असेल, त्याची कुजलेली साल धारदार चाकूने जिवंत सालीपर्यंत खरवडून काढावी, ती बागेबाहेर नेऊन जाळावी, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावी आणि ती सुकल्यावरच मलम लावावे. एका झाडावर वापरलेला चाकू दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी त्याच पाण्यात बुडवावा. पावसाळ्यापूर्वीचा हात मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या आधी, खोड कोरडे असताना द्यावा. मलम ज्या दिवशी केले त्याच दिवशी संपवावे. उरलेले दुसऱ्या दिवशी लावण्यात अर्थ नाही, आणि ते विहिरीजवळ किंवा गुरांच्या पाण्यापाशी मुळीच ओतू नये.